एलएल.बी. झालं, पण पेढे कधी? कायद्याच्या पदवीचा आनंद साजरा करण्याचे महत्त्व



आजच्या लेखात आपण एका साध्या वाटणाऱ्या प्रश्नाचा विचार करणार आहोत. घरातल्या मुलाने किंवा मुलीने कायद्याची पदवी मिळवली, तर तो आनंद साजरा करावा का? करायचा तर नेमका कधी आणि कसा?

तुम्ही म्हणाल, यात विचार करण्यासारखं काय आहे? पोरगं पास झालं की पेढे वाटायचे, झालं! पण जरा आजूबाजूला पाहा. दहावीचा निकाल दुपारी लागतो आणि संध्याकाळपर्यंत पेढ्यांचा बॉक्स शेजाऱ्यांकडे पोहोचलेला असतो. इंजिनिअरिंगच्या मुलाला कॉलेजमधूनच नोकरी लागली की सोसायटीच्या ग्रुपवर अभिनंदनाची रांग लागते. कायद्याच्या मुलांच्या वाट्याला मात्र वेगळीच वाक्यं येतात. "आधी सनद तर मिळू दे." "ती बारची परीक्षा पास होऊ दे." "स्वतःची केस उभी राहिली की बघू." असं करता करता वर्षं निघून जातात आणि तीन किंवा पाच वर्षांच्या कष्टांना कुणी शाब्बासकी दिलेलीच नसते.

माझं म्हणणं असं आहे, की कायद्याच्या शिक्षणात आनंदाचा दिवस मुद्दाम ठरवावा लागतो. तो आपणहून येत नाही. आणि तो साजरा करण्याचा सर्वांत मोठा फायदा पुढच्या दोन-तीन वर्षांत दिसतो, जेव्हा नवा वकील रोज कोर्टात जातो पण घरात पैसे फारसे येत नाहीत. हे कसं, ते टप्प्याटप्प्याने पाहू या.

आधी समजून घेऊ : मुलाने नेमकं काय पूर्ण केलं?

अनेक पालकांना "पोरगा लॉ करतोय" एवढंच माहीत असतं. म्हणून थोडी माहिती.

कायद्याची पदवी दोन मार्गांनी मिळते. बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम असतो. त्याला बी.ए. एलएल.बी., मुंबई विद्यापीठात बीएलएस एलएल.बी., अशी नावं आहेत. दुसरा मार्ग म्हणजे कोणत्याही शाखेची पदवी घेऊन नंतर तीन वर्षांची एलएल.बी. म्हणजे एकाला दहा सत्रं आणि दुसऱ्याला आधीची पदवी सोडून सहा सत्रं. प्रवेशासाठी राज्याची सीईटी द्यावी लागते, तर राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट ही वेगळी परीक्षा असते. महाराष्ट्रात अशी विधी विद्यापीठं मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे आहेत.

अभ्यास कसला असतो? राज्यघटना, करार, कौटुंबिक कायदा, मालमत्ता, फौजदारी आणि दिवाणी प्रक्रिया, पुरावा, कामगार कायदे. शिवाय मूट कोर्ट, म्हणजे खोट्या खटल्यात उभं राहून खरा युक्तिवाद करणं. मसुदा लिहिणं. व्यावसायिक नीतिमत्ता. आणि इंटर्नशिप! बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या विद्यार्थ्याने एकूण किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या विद्यार्थ्याने किमान २० आठवडे इंटर्नशिप करायची असते.

त्यातच मधल्या काळात एक गोष्ट घडली. १ जुलै २०२४ पासून १८६० सालची भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदाही बदलला. ज्या मुलांनी पहिल्या-दुसऱ्या वर्षी खुनासाठी कलम ३०२ आणि फसवणुकीसाठी कलम ४२० पाठ केलं होतं, त्यांना पदवी घेऊन बाहेर पडताना नव्या संहितेतली कलम १०३ आणि ३१८ लक्षात ठेवावी लागली. जुने खटले जुन्या कायद्याने चालतात, त्यामुळे जुनं विसरूनही चालत नाही. एकाच वेळी दोन कायदे डोक्यात ठेवणारी ही पिढी आहे. याचं कौतुक नको का व्हायला?

"शेवटचा दिवस" नसलेलं शिक्षण

आता मुख्य अडचण पाहू. कायद्याच्या मुलाचं शिक्षण "संपलं" असं कोणत्या दिवशी म्हणायचं?

१. शेवटच्या सत्राचा निकाल लागतो, तो एक दिवस.

२. काही महिन्यांनी पदवीदान समारंभ होतो, तो दुसरा दिवस. अनेक मुलं त्याला जातच नाहीत, नंतर कधीतरी प्रमाणपत्र घेऊन येतात.

३. मग महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे नावनोंदणी होते आणि सनद मिळते. अधिवक्ता अधिनियम, १९६१ प्रमाणे नोंदणी झाल्याशिवाय कुणालाही वकिली करता येत नाही.

४. त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा. नोंदणी झाल्यावर ठरलेल्या मुदतीत ती पास व्हावी लागते, तरच वकिली पुढे चालू ठेवता येते.

५. मग पहिल्या वकीलपत्रावर सही, पहिली तारीख, पहिली फी.

पाहिलंत? एकापुढे एक दारं. प्रत्येक दारापाशी कुणीतरी म्हणतं, "अजून पुढचं दार आहे." दहावीच्या मुलाला एक दिवस मिळतो. लॉच्या मुलाचा आनंद पाच तुकड्यांत विभागला जातो आणि एकही तुकडा पुरेसा मोठा वाटत नाही.

म्हणून पालकांनी काय करावं? यातला एक दिवस निवडावा आणि जाहीर करावा, "हा आपला दिवस." माझ्या मते निकालाचा किंवा पदवीदानाचा दिवस योग्य. कारण सनद म्हणजे कामाची परवानगी आहे. पदवी हे केलेल्या अभ्यासाचं फळ आहे. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. उद्या मुलाने वकिली न करता कंपनीत, बँकेत, सरकारी खात्यात किंवा अध्यापनात जायचं ठरवलं, तरी त्याने मिळवलेली पदवी तेवढीच खरी राहते.

पदवी हातात मिळण्याची किंमत : कॉर्नेलिया सोराबजी

"कागद मिळाला काय, समारंभ झाला काय, ज्ञान तर डोक्यात आहे ना?" असं काही जण म्हणतात. त्यांना आपल्याच मातीतल्या एका मुलीची गोष्ट सांगावीशी वाटते. वर्गातही सांगण्यासारखी आहे.

कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १८६६ साली नाशिकचा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून त्या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्या. पुढे त्या इंग्लंडला गेल्या आणि ऑक्सफर्डमध्ये कायदा शिकणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या. १८९२ साली त्यांनी तिथली कायद्याची पदवी परीक्षा दिली आणि त्या उत्तीर्ण झाल्या.

पण पदवी मिळाली का? नाही! कारण ऑक्सफर्ड तेव्हा स्त्रियांना परीक्षेला बसू देत होतं, पदवी देत नव्हतं. सोबतचे पुरुष विद्यार्थी गाऊन घालून समारंभात पदवी घेत होते आणि तेवढाच अभ्यास केलेली ही मुलगी बाहेर होती. ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या द्यायला १९२० साली सुरुवात केली. सोराबजींच्या हाती पदवी आली १९२२ साली. परीक्षेनंतर तब्बल ३० वर्षांनी. त्या तेव्हा पंचावन्न वर्षांच्या होत्या.

भारतात परतल्यावर तरी काय? स्त्रियांना वकिलीचा दरवाजा बंदच होता. पडद्यात राहणाऱ्या स्त्रियांच्या मालमत्तेच्या प्रश्नांवर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं, पण पुरुष वकिलांसारखा पूर्ण अधिकार त्यांना नव्हता. १९२३ साली लीगल प्रॅक्टिशनर्स (विमेन) ॲक्ट आला, तेव्हा स्त्री असल्याच्या कारणावरून वकिलीला नकार देण्याची पद्धत कायद्याने बंद झाली. त्याच सुमारास मिठन टाटा, म्हणजे पुढच्या मिठन लाम, मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या पहिल्या महिला बॅरिस्टर ठरल्या.

आता विचार करा. सोराबजींच्या डोक्यातलं ज्ञान १८९२ साली जेवढं होतं, तेवढंच पदवी मिळाली नाही म्हणून कमी झालं होतं का? मुळीच नाही. तरी चारचौघांसमोर "ही पदवीधर आहे" असं म्हणणं समाजाने ३० वर्षं टाळलं, आणि त्याचे परिणाम त्यांनी आयुष्यभर सोसले. सर्वांसमोर नाव घेऊन पदवी देणं ही समाजाने दिलेली कबुली असते. आज आपल्या मुलीला ती कबुली सहज मिळते आहे. मग "समारंभाला कशाला जायचं, कुरिअरने येईल की" असं म्हणून ती हातची का घालवायची?

विशेषतः मुलींच्या बाबतीत हे लक्षात ठेवा. काही घरांत मुलीचं एलएल.बी. पूर्ण होतं त्याच सुमारास स्थळं पाहणं सुरू असतं. पदवीचा आनंद लग्नाच्या गडबडीत विरून जातो. लग्नाचा समारंभ जरूर करा, पण पदवीचा दिवस वेगळा ठेवा. तो दिवस तिच्या एकटीच्या कष्टांचा आहे.

स्नातक म्हणजे काय?

आपल्याकडे पदवीधराला "स्नातक" म्हणतात. हा शब्द कुठून आला, हे मुलांना विचारलं तर फार थोडी सांगू शकतात. पूर्वी गुरुकुलातलं शिक्षण संपलं की समावर्तन नावाचा संस्कार होत असे. त्यात शिष्य विधिपूर्वक स्नान करायचा. स्नान केलेला तो स्नातक. मग गुरू त्याला निरोपाचा उपदेश करत आणि तो घरी परतत असे.

म्हणजे शिक्षण संपल्याचा दिवस साजरा करण्याची पद्धत इंग्रजांनी आणली हे अर्धंच खरं. गाऊन आणि टोपी त्यांची. १८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथे विद्यापीठं स्थापन झाली, तेव्हा पदवीदानाची ती रीत इकडे आली. पण "तू आता शिकणारा नाहीस, जबाबदारी घेणारा आहेस" असं चारचौघांत सांगायची कल्पना इथे फार जुनी आहे.

कायद्याच्या पदवीधराला तर हे सांगणं जास्तच गरजेचं. विचार करा, कालपर्यंत जो मुलगा कॅन्टीनमध्ये बसून नोट्स काढत होता, त्याच्यासमोर उद्या कुणीतरी आपल्या शेताच्या बांधाचा, पोटगीचा, जामिनाचा प्रश्न घेऊन बसणार. पक्षकार वकिलाला जे सांगतो, ते बाहेर फोडायचं नाही असं कायदाच सांगतो. इतकी मोठी जबाबदारी खांद्यावर येताना एक दिवस थांबून त्याची जाणीव करून द्यायला नको का?

खरी परीक्षा पदवीनंतरची

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. पालकांनी हा भाग जरा सावकाश वाचावा.

इंजिनिअरला पदवीनंतर नोकरी लागली की पहिल्या महिन्यापासून पगार. डॉक्टरला इंटर्नशिपमध्ये विद्यावेतन. वकिलाचं तसं नसतं. नवा वकील एखाद्या सिनिअरच्या ऑफिसात ज्युनिअर म्हणून रुजू होतो. सकाळी फाइली लावायच्या, दिवसभर कोर्टात तारखा घ्यायच्या, संध्याकाळी पुन्हा ऑफिसात मसुदे लिहायचे. मोबदला? कुठे थोडा, कुठे प्रवासखर्चापुरता, कुठे "आधी शिक, मग बघू". ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनिअर वकिलांना शहरी भागात महिना किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावं, असं सुचवलं. पण ती शिफारस आहे, सक्ती नाही.

याच काळात घरी काय होतं? शेजारच्या काकू विचारतात, "काय हो, तुमचा वकील कमावतो का काही?" वडील गप्प होतात. मुलगा रात्री उशिरा घरी येतो आणि जेवताना कुणाशी बोलत नाही. बरोबरीचे मित्र गाडी घेतात. हळूहळू घरातल्यांना वाटू लागतं, आपला पैसा वाया गेला. मुलालाही वाटू लागतं, आपण नापास झालो. चांगली हुशार मुलं याच टप्प्यावर वकिली सोडतात, आणि त्यात घरात आधी कुणी वकील नसलेली मुलं जास्त असतात. ज्याच्या वडिलांचंच ऑफिस आहे त्याला फाइली, पक्षकार आणि खुर्ची तयार मिळते. इतरांना ते सगळं शून्यातून उभं करावं लागतं.

इथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं उदाहरण पाहा. लंडनच्या ग्रेज इनमध्ये त्यांनी १९१६ साली नाव नोंदवलं. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली परतावं लागलं. १९२० साली पुन्हा गेले आणि १९२२ साली बॅरिस्टर झाले. १९२३ साली मुंबईत वकिली सुरू केली. कोलंबिया आणि लंडनचं शिक्षण, एवढी विद्वत्ता! तरी पक्षकारांची रांग लागली का? नाही. जातीमुळे आणि ओळखी नसल्यामुळे सुरुवातीचा काळ कठीण गेला. १९२५ ते १९२८ या काळात ते बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत अर्धवेळ व्यापारी कायदा शिकवत होते. पुढे ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात प्राध्यापक झाले आणि १९३५ साली तिथले प्राचार्य. ज्यांनी देशाच्या राज्यघटनेचा मसुदा तयार करणाऱ्या समितीचं अध्यक्षपद भूषवलं, त्यांनाही वकिलीच्या पहिल्या वर्षांत जोडीला शिकवणी करावी लागली. मग आपल्या मुलाने दोन वर्षं कमी कमावलं तर आभाळ कोसळतं का?

म्हणून आनंदाच्या त्या दिवशीच घरातल्यांनी एकत्र बसून तीन गोष्टी बोलून घ्याव्यात.

- घर किती महिने आधार देऊ शकतं? आकडा स्पष्ट ठरवा. बारा महिने असो, चोवीस असो, जे शक्य असेल ते.
- मुलगा काय करणार आहे? वकिली, न्यायाधीशाची परीक्षा, कंपनीतली नोकरी, की एलएल.एम.? २० मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधीशपदाच्या सुरुवातीच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली. त्यामुळे "पदवी झाली की लगेच जज्ज" हा जुना हिशोब धरून चालू नका.
- सनद, पुस्तकं, काळा कोट, प्रवास यांचा खर्च कसा भागवायचा? कायद्यात नावनोंदणीची फी सर्वसाधारण गटासाठी एकूण ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये सांगितली आहे. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की नोंदणीसाठी यापेक्षा जास्त फी घेता येणार नाही. हा निकाल मुलालाच वाचून दाखवायला सांगा. त्याच्या शिक्षणाचा घरातला पहिला उपयोग!

असं बोलणं एरवी भांडणात होतं. आनंदाच्या दिवशी ते प्रेमाने होतं. पुढे एखाद्या रिकाम्या महिन्यात मुलगा खचला, तर त्याला त्या दिवसाची आठवण असते. आई-वडिलांनी सगळ्यांसमोर "आम्हाला तुझा अभिमान आहे" म्हटलेलं असतं, आणि तेव्हा तो एक रुपयाही कमवत नव्हता. म्हणजे अभिमान कमाईचा नव्हता, हे त्याला पक्कं माहीत असतं. कठीण काळात हाच आधार उपयोगी पडतो.

आनंद कसा साजरा करावा?

आता थोडं व्यवहाराचं बोलू.

१. कर्ज काढू नका. हॉल, डीजे, तीनशे पानं यांची गरज नाही. शैक्षणिक कर्जाचा हप्ता अजून सुरू व्हायचा असतो. घरी पुरणपोळी किंवा श्रीखंड-पुरीचं जेवण, जवळची पंधरा-वीस माणसं, एवढं पुरे. उरलेल्या पैशांत मुलाला राज्यघटनेची चांगली प्रत आणि लागणारे बेअर ॲक्ट घेऊन द्या. ती भेट वर्षानुवर्षं वापरात राहील.

२. फ्लेक्स लावताना सावध राहा. आपल्याकडे चौकात फ्लेक्स लावायची हौस दांडगी. पण वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियम ३६ प्रमाणे मनाई आहे. थेट नाही आणि आडवळणानेही नाही. "सर्व प्रकारच्या केसेससाठी संपर्क" आणि खाली मोबाइल नंबर, असला फ्लेक्स काका-मामांनी प्रेमाने लावला तरी अडचण त्या मुलाला होऊ शकते. नियमाप्रमाणे नावाची पाटीसुद्धा माफक आकाराची असावी लागते.

३. नावापुढे "ॲड." लगेच लावू नका. पदवी मिळाली म्हणजे तो विधी पदवीधर झाला. नावनोंदणी झाल्यावर तो अधिवक्ता होतो. त्याआधी वकिलाचा पांढरा बँड लावून फोटो टाकणं, पत्रिकेत "ॲड." छापणं टाळावं. पदवीदानाच्या गाऊनमधला फोटो मात्र जरूर काढा. तो त्याच्या हक्काचा आहे.

४. ज्यांनी हातभार लावला त्यांना बोलवा. फी भरायला मदत करणारी आत्या, शहरात राहायला खोली देणारे मामा, रात्री अभ्यासाला जागा देणारे वाचनालयाचे काका, हायस्कूलचे बाई-सर. मुलाने प्रत्येकाचं नाव घेऊन दोन वाक्यं बोलावीत. उद्या कोर्टात बोलायचं आहे, सुरुवात घरातून होऊ दे.

५. मार्कांची चर्चा नको. कुणाला केटी लागली असेल, कुणाचं एखादं वर्ष गेलं असेल. नोकरी करून संध्याकाळी अभ्यास करणारे, मुलं सांभाळून चाळिशीत एलएल.बी. करणारे विद्यार्थी आज पुष्कळ आहेत. उशिरा पूर्ण झालेली पदवीही पूर्णच असते. आईने पदवी घेतली असेल तर मुलांनी पेढे वाटावेत!

"हा दिखावा नाही का?"

हा प्रश्न रास्त आहे. दिखावा आणि आनंद यांत फरक कसा ओळखायचा? एक सोपी कसोटी सांगतो. तो कार्यक्रम कोणासाठी आहे ते पाहा. लोकांनी आपल्याकडे पाहावं म्हणून केला, तर दिखावा. मुलाने कष्टांकडे आणि पुढच्या जबाबदारीकडे पाहावं म्हणून केला, तर तो संस्कार. खर्चाच्या आकड्याने हे ठरत नाही. चहा-बिस्किटांतही दुसरं होऊ शकतं.

दुसरा आक्षेप असा येतो, की आधीच कौतुक केलं तर मुलं शेफारतात. आम्हा शिक्षकांचा अनुभव उलट आहे. वर्गात ज्या मुलाचं पूर्ण केलेलं काम आपण पाहतो आणि नोंदवतो, तो पुढचं काम हातात घ्यायला तयार असतो. ज्याला प्रत्येक वेळी "हे काहीच नाही, पुढे बघ" ऐकावं लागतं, तो हळूहळू काम दाखवायचंच थांबवतो. मोठ्या मुलांचंही तसंच आहे, ती फक्त तोंडाने सांगत नाहीत.

शिक्षकांनी काय करावं?

आपल्या शाळेचा माजी विद्यार्थी कायद्याचा पदवीधर झाला, तर त्याला एका तासासाठी शाळेत बोलवा. शाल-श्रीफळ द्या, पण मुख्य म्हणजे त्याला मुलांशी बोलू द्या. विषय सुचवायचे तर हे घ्या : राज्यघटनेची उद्देशिका समजावून सांगणं, मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पोक्सो कायदा, बालविवाह प्रतिबंध, चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक. पालक सभेत त्याने मोफत कायदेशीर मदतीबद्दल सांगावं. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि अपंग व्यक्ती यांना मोफत वकील मिळू शकतो. तालुका आणि जिल्हा न्यायालयात त्यासाठी विधी सेवा समिती किंवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. हे आपल्या कित्येक पालकांना माहीतच नाही.

याचा दुहेरी फायदा होतो. त्या पदवीधराला पहिल्यांदा जाणवतं, की आपलं शिक्षण कुणाच्या तरी कामाला येतं. आणि मागच्या बाकावरची एखादी मुलगी, जिच्या घरात आजवर कुणी कोर्टाची पायरी तक्रारदार किंवा आरोपी म्हणूनच चढलं असेल, ती पहिल्यांदा पाहते की आपल्याच शाळेतली ताई वकील म्हणूनही ती पायरी चढू शकते. तिला हे शंभर भाषणांतून समजणार नाही, पण त्या एका तासात समजेल.

थोडक्यात

- कायद्याच्या शिक्षणात निकाल, पदवीदान, सनद, बार परीक्षा असे अनेक टप्पे आहेत. आनंदाचा एक दिवस आपणच ठरवावा.
- समाजासमोर पदवी मिळणं हा हक्क पूर्वी अनेकांना नाकारला गेला होता. तो हलक्यात घेऊ नये.
- पहिली दोन-तीन वर्षं कमाई कमी असते. त्याबद्दलचं बोलणं याच दिवशी करून ठेवावं.
- कार्यक्रम साधा असावा. जाहिरात नको, कर्ज नको, सनदेआधी "ॲड." नको.
- पदवीधराला शाळेत बोलवावं, म्हणजे त्याचा आनंद लहान मुलांपर्यंत पोहोचतो.

तर पालकहो, तुमच्या घरात, शेजारी किंवा नात्यात या वर्षी कुणी एलएल.बी. पूर्ण केलं असेल आणि अजून पेढे वाटले गेले नसतील, तर येत्या रविवारी वाटून टाका. सनद येईल तेव्हा येईल. पदवी आलेली आहे, तिचं तोंड गोड करा.